मागचा लाल

आमच्या गल्लीत पाहुणा निघाला की घरचे लोक दारातून हात हलवतात आणि त्याची गाडी वळायच्या आत परत टीव्हीसमोर जाऊन बसतात. धर्मपाल काकाजींचं तसं नव्हतं. ते फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. हात हलवणं, पुन्हा या म्हणणं, असलं काही नाही. पाहुण्याच्या गाडीचा मागचा लाल दिवा पिंपळाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत नुसतं पाहत राहायचे आणि मग स्वतःशीच म्हणायचे, "गाडी पूर्ण." दिवा लागत नसला तर पाहुण्याला हाक मारून परत बोलवायचे. माझ्या क्लासला येणारी निम्मी पोरं त्यांना टाळायला मागच्या बोळातून यायची.

मी राजापेठेत अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. नाव किशोर. लग्न केलं नाही. रागीट आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. भूत, करणी, दृष्ट हे सगळं मला मूर्खपणाचं वाटतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला त्या पंगतीत बसवायला नको.

काकाजी म्हणजे धर्मपाल खंडारे, भिंतीला भिंत लागून असलेले माझे शेजारी. बडनेऱ्याहून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. काकाजींना त्या नावाचा राग यायचा. मॅनेज काय करतो तो, मागे बसतो आणि पाहतो, असं त्यांचं म्हणणं. उभं आयुष्य त्यांनी शेवटच्या डब्यात काढलं. अंगावर धूळ, समोर नुसत्या मालाच्या वाघिणी, आणि इंजिन इतकं लांब की ते पुढच्या गावात पोचलेलं असायचं. डब्याच्या पाठीला लाल दिवा लावायचा आणि तो विझू द्यायचा नाही, हे कामातलं मुख्य काम. त्यामागचा नियम त्यांनी मला एकदा समजावला होता. गाडी स्टेशनातून धडधडत गेली की स्टेशन मास्तर इंजिनाकडे पाहत नाही, शेपटीकडे पाहतो. शेवटच्या डब्याचा दिवा दिसला तर गाडी पूर्ण. नाही दिसला तर समजायचं, कुठेतरी जोड तुटला आहे आणि गाडीचा एक तुकडा मागे रुळावर अंधारात उभा आहे. मग खात्री होईपर्यंत त्या रुळावर दुसरी गाडी घ्यायची नाही, आभाळ कोसळलं तरी.

"दिवा नाही दिसला तं गाडी गेली नाही," ते म्हणायचे. "इंजिन गेलं असंन. गाडी नाही गेली."

त्यांची बायको सुंदराबाई, म्हणजे आमची काकू, माहेरची अकोल्याची. फटकळ बाई. मला तोंडावर 'खाष्ट मास्तर' म्हणायची आणि मागून भिंतीवरून झुणक्याची वाटी द्यायची. माझ्या गाडीवर मात्र तिचा जीव.

त्या गाडीबद्दल सांगायला हवं. धामणगाव रेल्वे या गावी माझे मामा कापसाच्या जिनिंगच्या धंद्यात होते. बरे दिवस होते तेव्हा त्यांनी कुठल्याशा साहेबाकडून ही विलायती गाडी घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसांची, वरून उघडी. पाऊस आला तर ओढायला कापडी टप. मामांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माझ्या गळ्यात आली. दिसायला देखणी, बाकी पांढरा हत्ती. सिग्नलला थांबलो की "किती देते?" विचारणारा एक तरी शहाणा भेटतो, मी उत्तर देत नाही. पण तिचा खरा दोष मागच्या बाजूला होता. पाणीपुरीच्या पुरीएवढे दोन दिवे, तेही गुडघ्याच्या खाली. ब्रेक दाबला की ते भक्कन उजळायला हवेत. ते उजळायचे म्हणजे चुलीतला निखारा फुंकल्यावर उजळतो तेवढे. उन्हात तर काहीच कळायचं नाही. मागचा माणूस माझ्या पाठीत घुसता घुसता थांबायचा आणि वर मलाच शिव्या द्यायचा.

काकू म्हणायची, "एक डाव मले या लाल गाडीत अकोल्याले ने. गोदीच्या दारात उतरीन अन् तिले जळवीन." गोदी म्हणजे तिची धाकटी बहीण गोदाबाई. मी केव्हाही तयार होतो. काकाजी आडवे यायचे. त्या गाडीला मागचा लाल नाही, तशा गाडीत मी माझी बायको बसवणार नाही, एवढंच त्यांचं उत्तर. काकू म्हणायची, जन्मभर सरकारच्या गाडीला दिवे लावले, माझ्यासाठी एक लावून द्या. ते म्हणायचे, लावू. असं किती तरी वर्षं चाललं होतं, आणि त्यात भांडणापेक्षा लाडच जास्त होता.

दिवाळी सरली त्या आठवड्यात, दिवेलागणीच्या वेळी, काकूच्या छातीत कळ आली. त्यांची एकुलती एक मुलगी रश्मी नागपूरहून आलेली होती, पोटुशी. तिने फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावली. आत एकाच माणसाला जागा, म्हणून रश्मी बसली. काकाजींनी माझ्या मोटरसायकलवर मागून यायचं ठरलं. मी गाडी चालू करून उभा होतो. काकाजी नेहमीसारखे रस्त्याच्या मधोमध गेले आणि पाहत राहिले. अॅम्ब्युलन्सचा भोंगा ओरडत होता, टपावरचा निळा दिवा फिरत होता. पण मागचे दोन्ही लाल मेलेले होते. पिंपळापाशी वळताना ड्रायव्हरने ब्रेक मारला असणारच. पाठीमागे नुसता काळोख.

"किशोर," काकाजी म्हणाले, "दिवा नाही लागला."

मी त्यांच्यावर ओरडलो, बसा म्हणून. ते बसले, पण मान मागे वळवून घराकडे पाहत होते. काकू दवाखान्यात पोचायच्या आधी रस्त्यातच गेली होती.

विहारात जलदान विधी झाला, रश्मी जड अंगाने नागपूरला परतली. तिथे तिला सासू नाही, नवऱ्याची नोकरी फिरतीची. सातवा लागला की बापाकडे यायचं हे आधीपासून ठरलेलं. आणि एके संध्याकाळी भिंतीपलीकडून मला काकाजी फोनवर बोलताना ऐकू आले. ते रश्मीला शांतपणे सांगत होते की इतक्यात येऊ नको.

मी तरातरा गेलो. माझ्यासारख्या माणसाला भांडायला कारण लागत नाही, आणि इथे तर होतं. पोटच्या पोरीला बाळंतपणाला माहेर बंद करणारा बाप मी पाहिला नव्हता. काकाजींनी मला बसवलं आणि म्हणाले, "लाइन मोकळी नाही रे. तुही काकू अजून इथंच हाय."

मी म्हणालो, काकाजी, तुमच्या वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तुम्ही आयुष्यात कधी अंगाऱ्याला हात लावला नाही, आणि आता भुतं मानायला लागलात? तेव्हा मात्र ते चिडले. भूत कोण म्हणतं, मी भूत मानत नाही आणि मानणार नाही, असं त्यांनी मला बजावलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवा नाही दिसला. तुकडा मागं राह्यला. त्या लाइनवर मी माह्या पोटुशा पोरीले घेऊ?"

त्यांनी मला दाराजवळची चपलांची मांडणी दाखवली. काकूच्या चपला रोज ते भिंतीकडे तोंड करून ठेवतात, आणि दिवेलागणीला त्या दाराकडे तोंड करून असतात. मी तिथेच बसून राहिलो. म्हटलं बघू तर खरं. बाहेर उजेड उतरत गेला, रस्त्यावरचे दिवे लागले. चपलांच्या टाचा माझ्याकडे होत्या. मला फोन आला, मी तो बंद केला, वर पाहिलं, तर चपलांची पुढची बाजू दाराकडे. एकीला दुसरी नीट लावून, माणूस पाय घालायच्या बेतात असावा तशी. आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फरशी कुणी ओल्या पायांनी चालून गेल्यासारखी डागाळलेली, उंबरठ्याशी येऊन थांबलेली. मी म्हणालो, उंदीर असतील. म्हणालो आणि माझी मलाच लाज वाटली.

काकाजींनी उपाय ठरवून ठेवला होता. तिला अकोल्याला जायचं होतं, लाल गाडीत. तर गाडीला मागचा लाल नीट लावायचा, तिला बसवायचं, आणि तो दिवा वळणापर्यंत दिसला की गाडी पूर्ण. मग रश्मीला बोलवायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. पण त्या वेडाच्या पलीकडे रश्मी नागपूरला एकटी बसली होती, म्हणून मी हो म्हणालो. तसंही ते दिवे सुधारायचेच होते.

अब्दुल सत्तार हे आमच्या भागातले गाड्यांचं वायरिंग करणारे. माझी गाडी ते पूर्वीपासून पाहतात आणि तिला बेगम म्हणतात. ते दुपारचे माझ्या अंगणात येऊ लागले. म्हणाले, दिवा कमजोर नाही, उपाशी आहे. बॅटरीतून निघालेलं निम्मं करंट गंज वाटेतच खाऊन टाकतो. त्यांनी बॅटरीपासून मागपर्यंत नवी जाड वायर टाकली, दिव्याच्या आतली काळवंडलेली वाटी घासून तिला चांदीचा रंग दिला. जुने बल्ब काढून एलईडी बसवले, आणि तेही लाल, कारण लाल काचेमागे पांढरा लावला तर गुलाबी दिसतो. पूर्वी ब्रेक चांगला दाबल्याशिवाय दिवा लागत नसे. त्यांनी पायाखालीच नवीन बटण दिलं, पाय टेकताच पेटेल असं. तरी काकाजींचं समाधान होईना. दिवा खालीच आहे, मागच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यासमोर काय येतं, असा त्यांचा प्रश्न. तो बरोबरच होता.

सत्तारभाईंनी ट्रकला लावतात ती नाचणाऱ्या दिव्यांची पट्टी आणली. काकाजी म्हणाले, ही वरात नाही. मग आत जाऊन त्यांनी पेटीतून एक वस्तू आणली. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी दिलेला रॉकेलचा जुना लाल कंदील, मुठीएवढ्या जाड भिंगाचा. सत्तारभाईंनी त्याच्या आत एलईडी बसवला आणि तो दोन सीटांच्या मागे, एका उभ्या लोखंडी दांडीवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला कसला. मी ब्रेक दाबला तेव्हा समोरच्या घराची भिंत लाल झाली. रणरणत्या दुपारीसुद्धा त्या दिव्याकडे दुर्लक्ष करता आलं नसतं.

संध्याकाळी काकाजी गाडीकडे पाठ करून पिंपळापर्यंत चालत गेले. तिथून वळले. मी ब्रेक दाबला. ते तसेच उभे राहिले, आणि मग मान हलवत परत आले. दिवा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी लख्ख, संध्याकाळी मेलेला. सत्तारभाई मागचा वायरचा एक स्क्रू आवळायचे, दिवा यायचा. पुन्हा दिवेलागणीला तो स्क्रू ढिला. गाडी जागची हललेली नसायची. हे असं सारखं होऊ लागल्यावर सत्तारभाईसुद्धा स्क्रू आवळण्याआधी माझ्याकडे पाहू लागले. त्यातच एका संध्याकाळी मी आणि ते गाडीच्या मागे उभे होतो, दोघांचे हात रिकामे, गाडीत कुणी नाही, आणि वरचा कंदील आपोआप पेटला. पेटला आणि पेटून राहिला. सत्तारभाई म्हणाले, बटण चिकटलं असेल. ते पुढे जाऊन वाकले, आणि तसेच मागे आले. मी पाहिलं. बटण ठीक होतं. पण डाव्या सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू वर आलं. दिवा विझला. सत्तारभाईंनी तोंडातल्या तोंडात काही म्हटलं, पक्कड खिशात घातली, आणि यापुढे अंगणात सावली आली की मी थांबणार नाही, असं सांगून गेले.

त्या दिवसांत रश्मीचा मला फोन आला. तिचं बीपी वाढलं होतं, घरात एकटं राहू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "किशोरदादा," ती म्हणाली, "बाबा म्हणतात लाइन मोकळी नाही. मंग मी कुठी जाऊ?" एवढं बोलून ती रडली. ज्याचं उत्तर सुचत नाही त्याचा मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तारभाईंनी मला गाडीमागे बोलावून तो स्क्रू दाखवला. खाचेत ताजे ओरखडे होते. "सर," ते म्हणाले, "जिन असो की भूत असो, त्याच्याकडे पेचकस नसते."

मी क्लास लवकर सोडला आणि खिडकीआड उभा राहिलो. उन्हं कलली तसं काकाजींनी माझं फाटक उघडलं. ते इकडे तिकडे न पाहता सरळ गाडीच्या मागे गेले, खिशातून पेचकस काढला, खाली बसले आणि स्क्रू ढिला करू लागले. चोरी करणाऱ्या माणसासारखे नाही. रोजचं औषध घेणाऱ्या माणसासारखे.

मी बाहेर गेलो. आवाज चढला होताच. तिकडे पोरीला येऊ नको म्हणता आणि इकडे दिवा तुम्हीच बंद करता, तिला काही झालं तर कुणाला तोंड दाखवणार, असं बरंच बोललो. काकाजी माझ्या पायरीवर बसले. पेचकसाच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"दिवा दिसला म्हंजे ते गेली," ते म्हणाले. "पुरी गेली. मंग दिवेलागणीले मी कोनाची वाट पाहू?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांच्या शेजारी बसलो. रश्मी काय म्हणाली तेवढं सांगितलं, तिच्याच शब्दांत. ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग उठले, गाडीमागे गेले आणि तो स्क्रू स्वतः आवळला. पेचकस जागचा हलेना तोवर आवळत राहिले. म्हणाले, उद्या संध्याकाळी.

ते फाटकाशी पोचल्यावर मला आठवलं. मी विचारलं, "काकाजी, मग त्या चपलाही तुम्हीच फिरवत होता का?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "मी काहून फिरवू? मले तं तिले ठेवून घ्यायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गाडी त्यांच्या दारात आणली. टप खाली केलेला होता. काकाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले, एका हातात काकूच्या चपला. त्यांनी डावं दार उघडलं, चपला आत खाली ठेवल्या आणि बाजूला झाले. एखादी बाई साडी सावरून गाडीत बसायला जेवढा वेळ घेते तेवढा वेळ थांबले. मग वाकून काहीतरी उचलल्यासारखं केलं, आत सारलं, आणि दार लावलं. पदर दारात सापडू नये म्हणून आपण करतो तसं. गाडी डावीकडे किंचित बसली. मी स्टिअरिंग धरून समोर पाहत होतो. मला शेजारी पाहायचं नव्हतं.

"सावकाश नेजो," ते म्हणाले, मला की कुणाला ते कळलं नाही. "अन् पोचल्यावर मागचा लाल पाह्य, मंगच फोन कर."

मी निघालो. आरशात ते रस्त्याच्या मधोमध उभे होते. पिंपळापाशी मी ठरल्याप्रमाणे ब्रेक दाबला, आणि पिंपळाचं खोड, चहाची टपरी, वळणावरची भिंत, सगळं लाल झालं. मागे, गल्लीच्या टोकाला, एक हिरवा उजेड आडवा हलला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. गार्ड आपल्या ड्रायव्हरला सगळं ठीक आहे म्हणून दाखवतो तसा. मग वळण आलं.

बडनेरा मागे पडलं आणि हमरस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्या. हंगाम ऐन भरात होता. दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, जाळी बांधलेल्या, स्वतःचे मागचे दिवे कापसात बुडवून चाललेल्या. अशा गाड्यांवर मी एरवी तोंडसुख घेतो. त्या दिवशी मी त्यांना मुकाट वाट देत गेलो. डाव्या बाजूने गार वारा यायला हवा होता. तो माझ्यापर्यंत येत नव्हता. शेजारी माणूस बसलं की वारा अडतो, तसा अडत होता. मी फिजिक्स शिकवतो. वाऱ्याची चार कारणं मला सांगता आली असती. मूर्तिजापूरपर्यंत मी ती मनातल्या मनात सांगत होतो.

मूर्तिजापूरच्या पुढे एक ट्रक बराच वेळ माझ्या मागे अंतर ठेवून चालत होता. मग तो उजवीकडून वर आला आणि क्लीनरच्या बाजूच्या खिडकीतून एका माणसाने ओरडून, हाताने दाराकडे दाखवून सांगितलं, "ओ भाऊ, बाईचा पदर दाराबाहेर आला. चाकात जाईन ना."

तो ट्रक पुढे गेला. मी गाडी कडेला घेतली. बसून राहिलो. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. मग उतरलो, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. दाराबाहेर काही नव्हतं. आत सीट, खाली चपला. मी दार उघडलं. भूत, करणी, दृष्ट न मानणारा मी, त्या अंधाऱ्या हमरस्त्यावर वाकलो, जे दिसत नव्हतं ते दोन्ही हातांनी गोळा केलं, आत सारलं, आणि दार हळू लावलं. "काकू, सावरून बस," असं म्हणालोसुद्धा. झुणक्याची वाटी देणारी बाई ती. तिला मी कशाला भ्यायचं, असं त्यानंतर वाटलं, आणि पुढचा रस्ता जरा सोपा गेला.

अकोल्याला गोदामावशी फाटकात उभ्या होत्या. काकाजींनी त्यांना कळवलं होतं. हातात तांब्या आणि भाकरीचा तुकडा. आपल्यात हे करत नाहीत, मले माहीत हाय, असं त्या मलाच दटावून बोलल्या आणि थेट डाव्या दाराशी गेल्या. दार उघडून त्यांनी तुकडा ओवाळून टाकला, जमिनीवर पाणी ओतलं, वाकून चपला उचलल्या. मग बाजूला होऊन वाट दिली. त्यांचे डोळे वाहत होते, पण त्या हसतही होत्या. "आलीच शेवटी लाल गाडीत," त्या म्हणाल्या. "मले जळवाले."

त्या घराकडे चालू लागल्या, एका बाजूने, दुसऱ्याला जागा ठेवून. मला काकाजींचं सांगणं आठवलं. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि मागे गेलो. किल्ली माझ्या मुठीत, पेडलवर कुणाचा पाय नाही, आणि वरचा कंदील आणि खालचे दोन्ही दिवे लख्ख पेटलेले. मावशींनी आत जाऊन दार लोटलं. कडी वाजली, आणि तिन्ही दिवे एकदम विझले.

मी फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला. "काकाजी," मी म्हणालो, "गाडी पूर्ण आली."

त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. रश्मीने नंतर सांगितलं, त्याच मिनिटाला तिचा फोन वाजला होता, आणि बाबा एवढंच म्हणाले होते, ये पोरी.

ती रविवारी आली, भाड्याच्या गाडीने, नवऱ्याबरोबर. काकाजी आधी गाडीच्या मागे गेले, ड्रायव्हरला ब्रेक दाबायला लावला, दिवा पाहिला, आणि मगच पोरीसाठी दार उघडलं. तिला धरून आत नेलं. घर धुऊन पुसून काढलं होतं, खाटेवर नवी चादर होती. दुपारभर माणसांचा राबता होता. रश्मीच्या हसण्याचा आवाज भिंतीतून माझ्याकडे येत होता. मला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला मी गेलो, तर काकाजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले. समोर चपलांची मांडणी. रश्मीच्या चपला, जावयाच्या चपला, आणि मध्ये एका जोडीची रिकामी जागा. ते त्या जागेकडे पाहत होते. बाहेर उजेड उतरला, रस्त्यावरचे दिवे लागले. फरशी कोरडी होती. काहीही हललं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं की ते रडत होते. काकू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. आत रश्मीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर उपरणं धरलं होतं.

"लाइन मोकळी हाय, किशोर," ते म्हणाले. "लय मोकळी हाय रे."